शेवटच्या बाकावरून मंडळीस सप्रेम सलाम

ख्रिस्तात प्रिय मंडळीस,



पत्र लिहिण्यास कारण की, आपली ओळख माझ्या बाप्तिस्म्यापासूनची असूनही एक गोष्ट मी तुम्हांला कधी सांगितलेली नाही. मलाच ती अलीकडे नीट कळली. मी ऑटिस्टिक आहे. रीतसर तपासणी झाली, तज्ज्ञांनी कागद दिला, तो मी बायबलच्या कपाटात ठेवला आहे. तब्येत उत्तम आहे, नोकरी चालू आहे, आईचे गुडघे तेवढे दुखतात. ही बातमी आजाराची नाही, तेव्हा बुधवारच्या प्रार्थनेच्या यादीत माझं नाव घालू नये ही नम्र विनंती. आधी पत्र शेवटपर्यंत वाचा, मग देवाकडे काय मागायचं ते ठरवा.

ऑटिझम हा शब्द तुमच्यापैकी काहींच्या कानावरून गेला असेल. १९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अमेरिकेत अकरा मुलांविषयी निबंध लिहिला, तिथून वैद्यकशास्त्रात त्याची नोंद ठळक झाली. आपल्याकडे १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि २०१६चा दिव्यांग हक्क कायदा, दोन्हींत त्याचं नाव आहे. ही जन्मापासूनची घडण असते. आवाज, उजेड, स्पर्श, माणसांचे चेहरे यांचा अर्थ आमचा मेंदू वेगळ्या रीतीने लावतो. कुणाला आयुष्यभर बोलता येत नाही, कुणी माझ्यासारखी दिवसभर हिशेब तपासून पगार घेते. एकाला लागणारा आधार दुसऱ्याला पुरेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात १२७ माणसांमागे साधारण एक माणूस ऑटिस्टिक होता. आपल्या मंडळीच्या पटावर चारशेच्या आसपास नावं आहेत. भागाकार केलात तर तीन येतात. एक मी. दुसरा तो मुलगा, जो उपासना संपेपर्यंत आईचा हात धरून बाहेर व्हरांड्यात उभा असतो. तिसरं नाव मला माहीत नाही. त्या माणसाने बहुधा यायचंच सोडलं असेल.

तक्रारीकडे येण्याआधी आभार मानते, कारण ते फार दिवस राहून गेले आहेत.

उपासनेचा क्रम तुम्ही मला दिलात. वेदीच्या उजव्या हाताला भिंतीवर एक लाकडी पाटी आहे, तिच्या खाचांत त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक सरकवलेले असतात. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाचे आकडे, त्यातल्या एका सातचा कोपरा दुमडलेला. लहानपणी चर्चमध्ये शिरले की मी आधी ती पाटी वाचायची. चार आकडे वाचले की पुढचा दीड तास मला माहीत झालेला असायचा. शाळेत पुढच्या तासाला काय होईल सांगता यायचं नाही, लग्नघरात तर पुढच्या मिनिटाला काय होईल तेही नाही. इथे मात्र पापांगीकारानंतर क्षमेचं आश्वासन येणार, विश्वासांगीकाराला सगळे उभे राहणार, शेवटी आशीर्वाद मिळणार. दर रविवारी तेच शब्द. काहींना त्याचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. मला त्या शब्दांमुळे बाकीची गडबड सोसायचं बळ मिळालं. देव काल होता तसाच आज आहे हे मी प्रवचनातून शिकले नाही, तुमच्या न बदलणाऱ्या क्रमातून शिकले.

गाणीही तुम्हीच दिलीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, भजन, कीर्तन आपल्या उपासनेत आणलं. त्यांच्या चालींत पुढची ओळ कुठे उतरणार हे कानाला आधीच कळतं. त्या गीतांवर मी डुलत असे. ‘नीट उभी राहा’ म्हणून पाठीत बोट टोचलं जायचं, तेही आठवतं. पण बोट टोचणाऱ्या मावशींच्या मांडीवरच मी ती गीतं पाठ केली, हेही लिहिलं पाहिजे.

आणि बायबल दिलंत. संडे स्कूलमध्ये बाकीच्या मुलांना दावीद आणि गल्याथ आवडायचा, मला निर्गमाचा सव्विसावा अध्याय आवडायचा. निवासमंडपाचे तलम सणाचे दहा पडदे, प्रत्येक अठ्ठावीस हात लांब आणि चार हात रुंद. पडद्यांच्या काठाला पन्नास-पन्नास बिरडी, ती जोडायला सोन्याचे पन्नास आकडे. वरच्या तंबूसाठी बकऱ्याच्या केसांचे अकरा पडदे. वाचणारे बहुतेक लोक इथे पानं उलटतात. मी तिथे थांबायची, कारण बिरड्यांची संख्या सांगणारा देव मला आपलासा वाटला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर उभा आहे, इतकी मोठी गोष्ट घडते आहे, तरी लिहिणारा जाळ्यातले मासे मोजून १५३ लिहून ठेवतो. ज्या पुस्तकात मोजणं ही भक्ती आहे त्या पुस्तकात मला जागा आहे, हे मला दहाव्या वर्षी कळलं होतं. आमच्या शिक्षिका निर्गमाचा तो अध्याय मला पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचू द्यायच्या. देव त्यांचं भलं करो.

आता गाऱ्हाणं.

तुम्ही माझा विश्वास माझ्या चेहऱ्यावर शोधता. तिथे तो दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं धरून चालता. संदेशाच्या वेळी मी पाळकसाहेबांकडे बघत नाही, खिडकीच्या गजांकडे बघते. डोळ्यांत बघत बसले तर कानांना शब्द लागत नाहीत, म्हणून बघत नाही. संदेश मला पूर्ण लक्षात असतो, तीनही मुद्द्यांसकट. संजीवन सभेत सगळे रडत असताना माझे डोळे कोरडे होते. त्यावर एका वडीलधाऱ्या भगिनीने माझ्या आईला सांगितलं की मुलीला अजून आत्म्याचा स्पर्श झालेला नाही. त्या रात्री घरी येऊन मी अंधारात बसले आणि क्रूसाजवळच्या प्रत्येक माणसाचा एकेक करून विचार केला, पहाट होईपर्यंत. ते कुणी पाहिलं नाही. पाहावं असंही नाही. शमुवेल इशायाच्या घरी राजा शोधायला गेला तेव्हा देवाने त्याला हेच बजावलं होतं की माणूस बाहेरचं रूप बघतो आणि देव हृदय बघतो. हा पाठ तुम्हीच मला संडे स्कूलमध्ये शिकवलात. तो माझ्या बाबतीतही लागू करा, एवढंच म्हणणं आहे.

विद्वानांचंही तुमच्यासारखंच झालं, म्हणून तुम्हांला एकट्यांनाच बोल लावत नाही. २०१२ साली अरा नोरेंझायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ताडणं ज्यांना जड जातं, त्यांना व्यक्तिरूप देवावर विश्वास ठेवणंही जड जातं, असा त्याचा निष्कर्ष होता आणि त्यात ऑटिस्टिक लोक आले. सरासरीचं गणित काय निघेल ते निघो, मी माझ्यापुरतं सांगते. माणसांशी बोलताना मला चेहरा वाचावा लागतो, सूर ओळखावा लागतो, ‘या एकदा घरी’ म्हणजे खरंच यायचं की नाही ते ठरवावं लागतं. देवाशी बोलताना यांतलं काहीच लागत नाही. तो बोलतो ते लिहून ठेवलेलं आहे आणि लिहिल्याप्रमाणेच त्याचं वागणं आहे. सगळ्या नात्यांत हे एकच नातं मला कधी दमवत नाही.

त्याच २०१२ साली डेमियन मिल्टन या इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, आणखी एक गोष्ट मांडली. ऑटिस्टिक माणसाला इतर लोक कळत नाहीत एवढंच म्हणणं अर्धवट आहे, इतरांनाही ऑटिस्टिक माणूस तितकाच कळत नाही, अडचण दोन्ही बाजूंनी आहे. हे वाचून मला बरं वाटलं, कारण आजवर समजून घेण्याचं काम एकट्या माझ्याकडे होतं. तुमचं हसणं, तुमचे रुसवे, तुमचं ‘बघू हं’ हे सगळं मी वर्षानुवर्षं एखाद्या परक्या भाषेसारखं शिकले. तुम्ही माझ्या भाषेचे चार शब्द शिकलात तर ओझं वाटून घेतल्यासारखं होईल. एकमेकांची ओझी वाहा असं पौल गलतीकरांना लिहितो, ते तुम्ही मला पाठ करून घेतलेलं आहे.

दुसरं गाऱ्हाणं आवाजाचं. पूर्वी एक पेटी, एक ढोलक आणि झांजा होत्या. आता चार स्पीकर आले, ड्रमसेट आला आणि माइक अधूनमधून किंचाळतो. तरुण संघाने मेहनतीने पैसे जमवून हे घेतलं आहे, त्यांचा उत्साह मला प्रिय आहे, पोरं गातातही छान. पण तो आवाज मला कानांनी ऐकू येत नाही, तो अंगावर येतो. त्यावर मी कानांत बोळे घालते, तर ‘देवाच्या स्तुतीला कान बंद करते’ असं बोललं जातं. होरेब डोंगरावर एलीयासमोर आधी सोसाट्याचा वारा आला, मग भूकंप झाला, मग अग्नी आला. परमेश्वर त्या तिन्हींत नव्हता. तो त्यानंतरच्या मंद वाणीत होता. मोठ्या आवाजातली स्तुती खोटी असं माझं म्हणणं नाही. मंद आवाजातली स्तुती कमी प्रतीची मानू नका, असं आहे.

तिसरं गाऱ्हाणं लिहिताना हात जड होतो. उपास-प्रार्थनेच्या दिवशी तुम्ही काही जणांनी मला मध्ये बसवलंत, न विचारता डोक्यावर आणि खांद्यांवर हात ठेवलेत, आणि माझ्यातलं ‘बंधन’ तुटावं म्हणून मोठ्याने प्रार्थना केलीत. तुमच्या मनात प्रेम होतं, याबद्दल मला शंका नाही. पण इतके हात, इतके आवाज एका वेळी अंगावर आले की माझा श्वास अडकतो आणि मी थरथरते. ते थरथरणं तुम्ही आतल्या कशाच्या तरी निघून जाण्याची खूण समजलात. ती भीती होती. २००३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एका लहानशा चर्चमध्ये आठ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलातला दुरात्मा काढायचा म्हणून प्रार्थना चालली होती. त्याला जमिनीवर दाबून धरलं होतं. तो मुलगा गुदमरून गेला, आणि प्रार्थना करणाऱ्याला न्यायालयाने दोषी ठरवलं. त्या खोलीतल्या लोकांनाही आपण भलंच करतो आहोत असं वाटत होतं. म्हणून हात जोडून सांगते, ऑटिझम हा दुरात्मा नाही. तो काढायला जाल तर मलाच काढाल, आणि मग देवाने आईच्या उदरात जिला घडवलं ती कोण उरेल?

याला लागूनच आईचं. माझ्या आईला तुम्ही कधी उघड, कधी आडून विचारलंत की गरोदरपणी काही चुकलं का, घरात काही पाप राहिलं आहे का. शास्त्राच्या जगातही आयांना हे भोगावं लागलं आहे. कॅनर यांच्या लिखाणात मायेचा ओलावा नसलेल्या आईबापांचा उल्लेख आला, ब्रूनो बेटेलहाइम यांच्यासारख्यांनी पुढे सगळा दोष आईच्या माथी मारला. बर्नार्ड रिमलंड यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून हा आरोप खोडून काढला, तोवर कितीतरी आया रडून झाल्या होत्या. पण आपल्याला त्या पुस्तकाची वाट बघायची गरज नव्हती. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न विचारला होता, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणाला, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. योहानाचा नववा अध्याय आपल्या मंडळीत कितीदा वाचून झाला आहे. माझी आई अजून तो अध्याय वाचायला घेतला की चष्मा पुसते.

गाऱ्हाणी झाली. आता एक आठवण, कारण तुमच्याच अंगणात मला उत्तरही मिळालं होतं.

घंटा वाजवणारे काका तुम्हांला आठवत असतील. खाकी शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं, पायांत टायरच्या चपला. घंटेचा दोर व्हरांड्यात खाली यायचा आणि मी नेमकी तिथे खेळत असायची. पहिला टोल पडला की मी किंचाळत सुटायची. काकांनी मला रागावलं नाही, आईला बोलावलं नाही, प्रार्थनाही केली नाही. पुढच्या रविवारपासून ते दोराला हात लावायच्या आधी माझ्याकडे बघून उजवा हात वर करायचे. मी कानांवर हात घट्ट दाबायची, मान हलवायची, मग ते दोर ओढायचे. दोघांत शब्दही झाला नाही. असं किती वर्षं चाललं असेल! पुढे मी मोठी झाले, घंटेची सवय झाली, तरी ते हात वर करतच राहिले. ते फार शिकलेले नव्हते, ऑटिझम हा शब्द त्यांनी ऐकलेला असण्याची शक्यता नाही. त्यांनी फक्त पाहिलं, आणि आधी सूचना देण्याची तसदी घेतली. त्यांच्या अंत्यविधीला मंडळीने दया आणि सेवेवर भाषणं केली. मी काही बोलले नाही, पण त्या दिवशीची घंटा मी कान न झाकता ऐकली.

प्रभूची रीतही हीच होती, हे मला मार्काच्या शुभवर्तमानात सापडलं. दकापलीसच्या प्रांतात एका बहिऱ्या, तोतऱ्या माणसाला त्याच्याकडे आणलं, तेव्हा प्रभूने त्याला आधी गर्दीतून बाजूला एकांतात नेलं आणि खुणांनी त्याला कळेल असं केलं, मग शब्द उच्चारला. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तिमय ओरडत आला. त्याला काय हवं असेल हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, तरी प्रभूने त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आणि मोशे तर देवाला थेट म्हणाला की माझी जीभ जड आहे, मला बोलता येत नाही. देवाने त्याची जीभ हलकी केली नाही. बोलण्यासाठी अहरोन सोबत दिला, आणि मोशे होता तसाच फारोपुढे उभा राहिला. बाजूला नेणं, विचारणं, सोबत देणं. चमत्काराची ताकद ज्याच्या हातात होती त्यालाही या तीन साध्या गोष्टी कमीपणाच्या वाटल्या नाहीत.

माझे प्रश्नही तुम्हांला फार खटकतात, म्हणून त्यांच्याविषयी दोन ओळी. उजवा डोळा पापाला कारण होत असेल तर उपटून टाक हे वचन मी लहानपणी ऐकलं आणि शिक्षकांना विचारलं की डावा चालेल का? वर्ग हसला. मी थट्टा करत नव्हते, मला कित्येक रात्री झोप लागली नव्हती. मुलांना हा दाखला आहे, ही सांगण्याची रीत आहे, असं आधी सांगत जा. जी मुलं शब्द जसाच्या तसा घेतात त्यांच्यासाठी नरकाची वर्णनं फार खरी असतात. मोठेपणीही मी विचारत राहिले, त्रैक्याबद्दल, निवडीबद्दल, उत्तर न मिळालेल्या प्रार्थनांबद्दल. त्यावर ‘विश्वास ठेवायचा, प्रश्न नाही विचारायचे’ हे उत्तर मला मिळालं. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर आपल्या धर्ममातेशी वर्षानुवर्षं पत्रांतून वाद घातला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या लोकांना कळेल अशी संस्कृत का नकोत, इथपर्यंत. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ साली देह ठेवीपर्यंत ते काम केलं. प्रश्न विचारणाऱ्या बाईने विश्वास सोडला नाही, उलट तो घरोघरी पोहोचवला. माझी तेवढी योग्यता नाही, पण माझे प्रश्नही त्याच जातीचे आहेत.

हे सगळं एकट्या माझ्या डोक्यातून आलेलं नाही. २०१४च्या नोव्हेंबरात व्हॅटिकनमध्ये ऑटिझमवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तेव्हा पोप फ्रान्सिस ऑटिस्टिक मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना भेटले आणि त्यांचं एकटेपण आणि त्यांच्यावरचा शिक्का दूर करा असं आवाहन त्यांनी केलं. स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीन विद्यापीठात नव्या कराराचे प्राध्यापक ग्रँट मकास्किल यांनी २०१९ साली ऑटिझम आणि चर्च या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. आणि अमेरिकेत अँड्रू व्हाइटहेड या समाजशास्त्रज्ञाच्या २०१८च्या अभ्यासात दिसलं की ऑटिस्टिक मुलं उपासनेला कधीच न येण्याची शक्यता इतर मुलांच्या जवळजवळ दुप्पट आहे. ती मुलं विश्वासातून गळतात असं मला वाटत नाही. ती दरवाजातून परत जातात.

तर आता विनंत्या. मोठ्या खर्चाची यांत एकही नाही, तेव्हा खजिनदारांनी घाबरू नये.

शनिवारी संध्याकाळी उपासनेचा क्रम आणि गीतांचे क्रमांक मंडळीच्या व्हॉट्सअॅपवर टाकावेत. काही बदल होणार असेल, पाहुणे वक्ते येणार असतील, तर तेही. शांतीच्या अभिवादनाला ज्यांना हात मिळवायचा नाही त्यांचं लांबून जोडलेल्या हातांचं अभिवादन पुरेसं मानावं, आणि बाजूच्याने त्यांचा हात ओढू नये. लांबून दिलेली शांतीही पोहोचते. स्पीकरचा आवाज डाव्या बाजूला कमी ठेवावा. संडे स्कूलची खोली उपासनेच्या वेळी उघडी राहू द्यावी, पंखा आणि चार खुर्च्यांसह, म्हणजे जो दमला त्याला घरी न जाता तिथे बसता येईल. प्रार्थनेसाठी डोक्यावर हात ठेवण्याआधी विचारावं, आणि नाही म्हटलं तर ते नाही समजावं. उत्स्फूर्त प्रार्थना ज्यांना जमत नाही त्यांना लिहिलेली प्रार्थना वाचू द्यावी. ‘तुझ्यासाठी प्रार्थना करते’ असं मी कुणाला म्हणाले की मी ते वहीत लिहून ठेवते आणि रोज रात्री करते. माझ्या वहीत तुमच्यातली पुष्कळ नावं आहेत. माझ्याकडून शब्दांची झुळझुळ अपेक्षित धरू नये, त्या वहीचा भरवसा धरावा.

मला काम द्यावं, हीही विनंतीच आहे. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जुन्या नोंदवह्यांना वाळवी लागते आहे, त्या उतरवून काढायला कुणीतरी हवं असं तुम्ही बरेच दिवस म्हणता. मी ते एकही ओळ न चुकवता करीन. दानपेटीचा हिशेबही चालेल. ख्रिस्ताच्या शरीरातले जे अवयव अधिक अशक्त वाटतात तेच गरजेचे आहेत असं पौलाने करिंथकरांना लिहिलं. गरजेचे म्हटलं आहे त्याने, दयेचे नाही. नेहमी मला काही द्यायलाच येऊ नका, कधी मागायलाही या.

आणि शेवटची विनंती, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. व्हरांड्यात उभी राहणारी ती आई मुलाला आत आणत नाही, कारण तो मध्येच हसतो, हात फडफडवतो, गीत संपल्यावरही गातो, आणि पुढच्या तीन बाकांच्या माना मागे वळतात. ती मला म्हणाली, ‘ताई, आशीर्वाद बाहेरपण ऐकू येतो.’ तिने आशीर्वादासाठी बाहेर उभं राहावं हे मला पाहवत नाही, आणि तुम्हांलाही ते पाहवणार नाही, एकदा ध्यानात आलं की. येत्या रविवारी उपासनेआधी तुमच्यापैकी कुणीतरी बाहेर जावं. मुलाच्या पाठीवर हात ठेवू नये, त्याला प्रश्न विचारू नयेत. आईला सांगावं की आत जागा आहे, तो हसला तरी चालेल, गायला तरी चालेल, आणि कुणी मागे वळून बघणार नाही. मग खरोखरच बघू नये.

कळावे. लोभ आहेच, तो त्या दोघांवरही असावा.

प्रभूच्या सेवेत आपली,
डाव्या हाताच्या शेवटच्या बाकावरची बहीण